ताई घरीच असते

खाणवस्ती, पोस्ट उकवा,
जि. बालाघाट
ता. १७ नोव्हेंबर १९६८

चि. भोजराज यास,

जयभीम आणि ओंजळभर आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे मीच तुला पाटीवर शिकवलं होतं, तेव्हा नियम मोडत नाही.

तुझं पत्र मिळालं. भंडाऱ्याच्या शाळेत तुला वरचे वर्ग दिले हे वाचून आनंद झाला. मास्तर झालास हे मात्र पत्राच्या दुसऱ्याच ओळीत कळलं, कारण तिथून तू माझी वही तपासायला घेतलीस. "ताई, तुझं अक्षर मुंगीएवढं का झालं? पूर्वी कसं टपोरं होतं." अरे, आंतर्देशीय कागद सरकार काही वाढवून देत नाही आणि माझी गाऱ्हाणी वाढत चाललीत. कोणीतरी पोट आवळायला हवं, मग अक्षराने आवळलं. चष्मा लाव आणि वाच.

पुष्पलताला आणि तिच्या आईला माझा जयभीम सांग. तुझ्या सासूबाईंची मला फार आठवण येते. तुझ्या लग्नात त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही काय करता?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच उत्तर दिलंस, "ताई घरीच असते." मला तेव्हा कळलं की मी घरी असते. तोवर मी समजत होते की मी खाणीच्या चक्कीवर दगडाचं पीठ पोत्यात भरते. असो. मांडवात काळे हात झाकून बसायला मला शिकवावं लागलं नाही.

आता तुझ्या भाऊजींचं. पायात गोळे येतात हे तुला मागेच कळवलं होतं. आता टाचा जमिनीला टेकत नाहीत. चवड्यावर, छाती काढून, दोन्ही हात थोडे फाकवून चालतात. वस्तीतली पोरं मागून "कोंबडा आला, कोंबडा आला" करतात. मोठी माणसं पोरांना दटावतात आणि मग आपसात म्हणतात, पुनाराम प्यायला लागला. ज्या माणसाने छप्पन साली नागपूरहून परत आल्यापासून थेंबाला हात लावला नाही, त्याला लोकांनी फुकटात दारुडा केला. प्यायले असते तर निदान चव तरी कळली असती.

चेहरा हलत नाही. ओल्या मातीचा करून उन्हात वाळवावा तसा झालाय. बोलतात ते एकाच सुरात. आणि मध्येच हसतात. हसू त्यांच्या मनातलं नसतं रे, ते कुठून येतं हे त्यांनाही माहीत नाही. गेल्या महिन्यात शेजारचा नथ्थू गेला. तिरडी उचलली आणि हे हसायला लागले. नथ्थूचा भाऊ मारायला धावला. हे हसतायत आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मी त्यांना घरात ओढलं आणि दार लावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी विस्तव मागायलाही येत नाही.

चैतराम युनियनवाला म्हणतो, ही दारू नाही, खाणीची धूळ आहे. वर्षानुवर्षं कोरड्या दगडात ड्रिल चालवली, ती धूळ डोक्यात गेली. सरकारच्या कायद्यात आजारांची एक यादी आहे म्हणे. त्या यादीतला आजार कामामुळे झाला असं डॉक्टरांच्या बोर्डाने लिहून दिलं तर मालकाला भरपाई द्यावी लागते. यादीत नसलात तर उद्या सकाळी कामावर या. मॅंगनीजचं, म्हणजे आमच्या खाणीतल्या काळ्या दगडाचं, विष त्या यादीत आहे. मी म्हटलं, आजाराला सरकारी जागा मिळाली बाबा, तुझ्या भाचीला, ललिताला, कधी मिळणार?

बोर्ड पुढच्या मंगळवारी बालाघाटला बसणार. त्यांनी नाही म्हटलं तर गैरहजेरीत नाव कटेल, आणि नाव कटलं की ही खोलीही सोडावी लागेल. ललिताची मॅट्रिक यंदा आहे. तेव्हा मंगळवारचं काय होतं ते कळवीन.

यांचं धोतर नीळ घालून धुतलंय. साहेबांपुढे कळकट जाणार नाही आम्ही.

तुझी ताई,
अंजना


खाणवस्ती, उकवा
ता. २ डिसेंबर १९६८

चि. भोजराज यास,

जयभीम. तुला कळवीन म्हटलं होतं, म्हणून कळवते. तुझे भाऊजी सरकारी मताने ठणठणीत आहेत.

हसू नकोस. आमच्या घरात हसायचं काम एकाच माणसाकडे आहे.

त्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही निघालो. मी यांची दाढी स्वतः केली, केसांना तेल लावलं, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. ललिता म्हणाली, "बाबूजी तो नेता लग रहे हैं." (तिचं मराठी आता फक्त माझ्याशी भांडण्यापुरतं उरलंय.) मी यांना बजावलं, ताठ जायचं, ताठ यायचं. कोणापुढे वाकायचं नाही, आम्ही भीक मागायला चाललेलो नाही.

तुला ठाऊक आहे यांचं ताठपण कुठून आलं. यांचे वडील रामपायलीकडच्या एका मालगुजाराकडे राबायचे. त्या काळी आपल्या माणसाने मालकाला पाठ दाखवायची नसे. बोलणं झालं की तोंड मालकाकडे ठेवून, हात जोडून, मागे मागे चालत अंगणाबाहेर जायचं. एकदा म्हातारा असाच मागे चालत शेणाच्या खड्ड्यात बसला. मालगुजार खो खो हसला आणि म्हणाला, "पुन्हा करून दाखव रे." म्हाताऱ्याने करून दाखवलं. हे तेव्हा लहान होते, फाटकाशी उभे होते. नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा बावीस प्रतिज्ञांच्या वर यांनी तेविसावी स्वतःची घेतली: आता कोणासमोर मागं चालणार नाही. आणि पाळली. खाणीच्या मॅनेजरच्या खोलीतूनही पाठ करून सरळ बाहेर येतात. त्यावरून दोनदा दंड झालाय.

तर बोर्डासमोर गेले. दाराच्या फटीतून मी पाहत होते. टेबलामागे तीन डॉक्टर. मधल्या मोठ्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कैसे हो, पुनाराम?"

आणि तुझे भाऊजी म्हणाले, "अच्छा हूँ साहब. आपकी दया है."

अरे, दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे माणूस तिरडीवर असला तरी, कसं काय विचारलं की बरं आहे म्हणतो. पाहुण्यापुढे, साहेबापुढे आपलं दुखणं काढणं म्हणजे संस्कार नसल्यासारखं. डॉक्टरांना वाटतं त्यांनी प्रश्न विचारला, आम्हाला वाटतं त्यांनी रामराम केला. साहेबांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. मग छाती तपासली, जीभ पाहिली, "जाओ" म्हणाले. हे वळले आणि पाठ करून ताठ बाहेर आले. छाती काढून चालणाऱ्या माणसाची छाती पांढऱ्या सदऱ्यात किती शोभते म्हणून सांगू!

कागदावर आलं: कामास योग्य.

चैतरामने बाहेर कपाळ बडवून घेतलं. "वहिनी, म्या तुमाले बिमार माणूस आना म्हटलं होतं, तुमी तर नवरदेव आनला!"

"मंग काय करू, घाण कपड्यात आनू?"

"हौ! घाण कपड्यात आना, कन्हत आना, खाटेवर टाकून आना! तिकडं खानीचा डाक्टर बसला हाय, त्याले नवरदेवच पायजे होता."

परतीच्या बसमध्ये यांनी मला विचारलं, "मी काई चुकलो काय व?" मी म्हटलं, "नाई. तुमी लई चांगले दिसत होते." तेवढंच खरं होतं.

चैतरामने पुन्हा अर्ज केलाय. या खेपेला बाहेरून एक मेंदूचा जाणकार डॉक्टर बोलावणार आहेत. फेब्रुवारीत तारीख मिळेल. तोवर खोली आमची आहे, पण मुकादम रोज येऊन दाराची चौकट मोजल्यासारखं पाहून जातो.

तू पुन्हा अक्षराचं लिहिलंस. "ओळीच्या सुरुवातीला वाचता येतं, शेवटी काहीच कळत नाही." पोस्टमास्तर तर वाचतो बापडा. हल्ली मला झोप फार येते, लिहितानाही. परवा लिहिता लिहिता किती वेळ बसून होते कोण जाणे, ललिताने हातातून टाक काढून घेतला. थंडी आहे. थंडीत सगळ्यांचंच असं होतं.

तुझी ताई,
अंजना


खाणवस्ती, उकवा
ता. १९ फेब्रुवारी १९६९

चि. भोजराज यास,

जयभीम. गोड बातमी आधी. बोर्डाने मानलं. तुझे भाऊजी यादीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या कुठल्या यादीत आम्ही वर आलो आणि त्यासाठी माणूस मोडावा लागला, पण आलो. अजून भरपाईच्या कमिश्नरचा हुकूम यायचाय. खाणीचा डॉक्टर हरकत घेणार म्हणतो. पण चैतराम म्हणाला, "वहिनी, आता निम्मी लढाई झाली." निम्मीच का, ते पुढे सांगते.

कसं झालं ते ऐक. या खेपेला मी हट्टाने आत गेले. यांचं बोलणं नीट कळत नाही म्हणून घरचं माणूस हवं, असं चैतरामने सांगून ठेवलं होतं. बाहेरून आलेला डॉक्टर तरुण होता. यांना उठायला लावलं, बसायला लावलं, बोटं जुळवायला लावली. मग म्हणाला, "पुनाराम, अब चार कदम पीछे चलो."

हे म्हणाले, "नहीं."

"क्यों?"

"हमने पीछे चलना छोड़ दिया, साहब."

त्याच त्या एकसुरी आवाजात, माती बोलावी तसं. खाणीच्या डॉक्टरने लगेच पेन उचललं. "देखिए, सहयोग नहीं करता. मैंने पहले ही कहा था." तरुण डॉक्टर गोंधळला. या आजाराचा माणूस पुढे कसाबसा जातो, मागे जाऊ शकत नाही, मागे पाऊल टाकलं की पडतो, आणि हाच त्यांचा मोठा पुरावा. म्हणजे बघ, आपल्या वडिलांसारखे मागल्या खेपेला हात जोडून मागे मागे निघाले असते तर त्याच दिवशी दारात पडून निकाल लागला असता. ताठ जा, ताठ ये, हे मी बजावलं होतं.

मी म्हटलं, "अवो, हा मालगुजार नाई, डाक्टर आहे. चालून दाखवा."

"नाई."

"ललितासाठी तरी."

"नाई व. सोडलं ते सोडलं."

त्या क्षणी मला या माणसाचा जितका राग आला तितकाच अभिमान वाटला. मोठे साहेब घड्याळ पाहायला लागले. मग मी म्हटलं, "हे पहा, यात काई कमीपणा नाई. मी चालून दाखवतो तुमाले." तोंड साहेबांकडे ठेवून मी मागे चालायला लागले.

आणि लुगड्यात पाय अडकून पडले. सपशेल, पाठीवर.

हे हसायला लागले. तेच ते हसू. तरुण डॉक्टर खाणीच्या डॉक्टरला म्हणाला, "यह हँसी देख रहे हैं आप?" हसत हसत, डोळे गळत, हे माझ्याकडे आले, माझे दोन्ही हात धरले आणि मला ओढून उभं करायला लागले. पडलेल्या माणसाला ओढताना आपण काय करतो? मागे सरकतो. यांनी एक पाऊल मागे टाकलं, दुसरं टाकलं आणि तोडलेल्या झाडासारखे मागे कोसळले. हात आडवा धरायचंही सुचलं नाही.

तरुण डॉक्टरने लिहायला घेतलं.

साहेबासाठी मागे चालले नाहीत ते. बायकोला उचलायला चालले. प्रतिज्ञा मोडली नाही, असं मी यांना बसमध्ये समजावलं. पटलं असावं. चेहऱ्यावरून आता काही कळत नाही.

ललिताची परीक्षा जवळ आली आहे. मुकादम आता दारातून पुढे जातो, चौकट पाहत नाही. नथ्थूच्या बायकोने परवा भाजी पाठवली. एवढंच.

निम्मीच का ते न सांगताच हे पत्र इथे संपवून पाकिटात घातलं होतं. पुन्हा काढलं. या खेपेला आंतर्देशीय नाही घेतलं, चांगला मोठा कागद घेतलाय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि तरी अक्षर मुंगीचंच आहे.

भोजराज, वर मी लुगड्यात पाय अडकला असं लिहिलं. तू घाईने वाचून पुढे गेला असशील. आपली आई आणि मी, आम्ही जन्मभर नऊवारी कासोटा घालून चिखल तुडवला, डोंगर चढलो. कासोट्याच्या लुगड्यात कधी पाय अडकतो का रे? पायात येईल असं त्यात काही असतंच कुठे? पण त्या साहेबांच्या घरी सगळ्या पाचवारी नेसत असतील. त्यांना पटलं.

मी मागे पाऊल टाकलं आणि माझ्याखालची जमीन गेली. अडवायला हात उठला नाही. दिवाळीपासून मला माहीत होतं. दोन दिवाळ्यांपासून. अक्षर बारीक झालं तेव्हापासून. वेणी ललिता घालते माझी.

मी पडले तेव्हा खाणीचा डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला होता. हे पडले ते नंतर; मी अजून जमिनीवर होते तेव्हाच त्याने मला पाहिलं. म्हणाला, "अरे, बाई को भी वही है? फिर तो यह घर की बीमारी हुई, खदान की कैसे?" माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम खदान में काम करती थी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. हौ म्हटलं तर तो विचारणार, रजिस्टरात नाव दाखव. ठेकेदार प्रेमलालने चक्कीवरच्या एकाही बाईचं नाव कधी रजिस्टरात चढवलं नाही. नाव नाही म्हणजे मी खाणीत नव्हते. खाणीत नव्हते आणि आजार तोच, म्हणजे आजार आमच्या पाण्याचा, आमच्या रक्ताचा, आमच्या जातीचा, काय वाटेल त्याचा, खाणीचा सोडून. यांचं सगळं तिथेच संपलं असतं.

तेव्हा मला तुझं वाक्य कामी आलं. मी म्हटलं, "नहीं साहब. मैं तो घर में ही रहती हूँ. साड़ी में पैर अटक गया."

किती सोपं वाक्य आहे रे. तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा मला जड वाटलं होतं.

तरुण डॉक्टरने माझ्या पायांकडे पाहिलं. लुगडं पोटरीच्या वर होतं. त्याने पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर कागदाकडे वळवली. निघताना दारात हळूच म्हणाला, "बाई, पति का हुकुम हाथ में आ जाए, तब आप आइए. किसी को साथ लाइए जिसने आपको वहाँ देखा हो."

ही उरलेली निम्मी लढाई.

चक्की बंद झाली, प्रेमलाल मशीन विकून कुठे गेला कोणाला माहीत नाही. माझ्याबरोबरच्या बायका साक्ष द्यायला तयार आहेत, पण चैतराम म्हणतो, त्या सगळ्याच कागदावर घरी होत्या, घरी बसलेल्या बायकांचं कोण ऐकणार? बाहेरचा माणूस हवा. शिकलेला, सरकारी नोकरीतला.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आला होतास. मास्तरकीची नॉर्मल स्कूल पास झाला होतास, पेढे आणले होतेस. घरी कुलूप पाहून सरळ चक्कीवर आलास. दारात एक बाई पोती शिवत बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत काळी, फक्त डोळे पांढरे. तू तिला विचारलंस, "बाई, अंजनाबाई कुठे भेटल?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू पुन्हा विचारलंस. मग मी हसले आणि तू मला दातांवरून ओळखलंस. पेढे तू मला तिथे दिले नाहीस, घरी येऊन दिलेस. ते मी तेव्हाही पाहिलं होतं.

तुझ्याशिवाय मला तिथे कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे ज्याचं पाहणं कागदावर चालेल असं कोणी.

बालाघाटला येऊन कमिश्नरसमोर शपथेवर सांगावं लागेल. ते छापून येणार नाही, पण भंडारा दूर नाही, तुझ्या सासूबाईंचे कान तर त्याहूनही जवळ. माझी बहीण दगडाचं पीठ भरत होती, हे एकदा साहेबांसमोर म्हटलंस की पुष्पलतासमोरही म्हणावं लागेल. मला कळतं. माझ्याकडून जबरदस्ती नाही. तू नाहीच आलास तरी माझी माया कमी होणार नाही, फक्त ती तुला भिंग घेऊन वाचावी लागेल.

तुझा हात धरून मी तुला पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं, आठवतं? तू ओळीबाहेर जायचास आणि मी म्हणायचे, मोठं काढ, भिऊ नको, मोठं काढ. आता एक वाक्य तू काढ. मोठं काढ.

ते वाक्य येईपर्यंत,
घरीच असणारी,
तुझी ताई अंजना